दादाच्या भिंतीवरचं बटण

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. बायको आतून म्हणते, "अहो, ठाण्यात नाही, घरात आहात तुम्ही." तिचं खरं आहे. पण काही प्रकरणं हळू आवाजात सांगता येत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, मंदिरातल्या समया चोरणारे पाहिले. एवढं असूनही एका फुटलेल्या सोलर प्लेटीने मला जितका संताप दिला, तितका त्यातल्या फार थोड्यांनी दिला असेल.

नावं कुणाचीच लिहीत नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे आणि त्या माणसांना त्याच वस्तीत राहायचं आहे. त्यातल्या बहिणीला सगळे 'ताई' म्हणतात, भावाला 'दादा'. मीही तेच म्हणतो.

माझी शेवटची नेमणूक जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्यात होती. पिंपरी पेंढारच्या अंगाला असलेली एक वस्ती आमच्या हद्दीत येत होती. वीसेक घरं, बहुतेक एकाच भावकीची. भोवती ऊस, कांदा, थोडी द्राक्षं. घरांवर कौलं नाहीतर जुने पत्रे, आणि वरून आंबा-चिंचेची गर्द सावली. अशा छपरावर सोलर बसवायचं म्हणजे एक तर छप्पर बसणार, नाहीतर झाड तोडावं लागणार. म्हणून वस्तीने एक शहाणपणाचं काम केलं. बैलगाडा शर्यतीच्या घाटाशेजारी जो मोकळा माळ आहे, तिथे सगळ्यांनी मिळून एकाच जागी प्लेटा उभ्या केल्या. तिथे तयार होणारी वीज लाइनीत जाते आणि तिचे युनिट ठरलेल्या हिश्श्याने प्रत्येक घराच्या बिलातून वजा होतात. ज्यांची बिलं पाहून पूर्वी घरात भांडणं लागायची, त्यांना आता जेमतेम स्थिर आकार भरावा लागत होता.

हे सगळं जुळवून आणलं ताईने. वय पन्नाशीच्या आसपास. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवऱ्याने सोडली. माहेरी आली, वडिलांनी वस्तीच्या कडेला दोन खोल्या बांधून दिल्या, पुढे वडीलही गेले. शिलाईच्या मशीनवर तिने स्वतःचं पोट भरलं. शिकली होती सातवीपर्यंत, पण वीज कार्यालयात इतके खेटे घातले की तिथला शिपाई तिला बघून आधी चहा सांगायचा. वस्तीने तिला गटाची अध्यक्ष केलं. थोरला भाऊ दादा, वस्तीतला सगळ्यात मोठा शेतकरी. तोही गटात आला, कारण बिल कुणाला नको असतं?

आता यातली एक गंमत सांगतो, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरली. प्लेटा घेऊन आलेला टेम्पो घाटाचा चढ चढेना. मग ठरलं, प्रत्येक घराने आपापली प्लेट खांद्यावरून वर न्यायची. बापलेकांनी, भावाभावांनी धरून नेल्या. ताईच्या घरात दुसरं कुणी नाही. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि एकटीने नेली. झालं! त्या दिवसापासून ज्याने जी नेली ती त्याची. कागदावर सगळ्या प्लेटा मिळून एकच होत्या, वीज एकत्रच बनत होती, पण पिढ्यान् पिढ्या बांधावरून भांडलेली माणसं. त्यांनी उन्हालाही बांध घातला. "ती तिसऱ्या ओळीतली आमची", "आमच्या प्लेटीवर ऊन लवकर येतं", असं बोलणं सुरू झालं. दसऱ्याच्या सणात खंडेनवमीची पूजा झाली तेव्हा बायांनी ट्रॅक्टर पुजले, विहिरीवरच्या मोटारी पुजल्या आणि माळावर जाऊन आपापली प्लेटही पुजली. चौकटीवर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचं फूल, पुढ्यात पानसुपारी.

दसरा होऊन दिवाळी तोंडावर आली होती. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन हाताने झाकला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पलीकडे त्या भागातले एक पुढारी होते.

"साहेब, वस्तीवर सोलरची प्लेट फोडली बघा. फोडणारी बाई हाय. गटाची अध्यक्षच हाय. जरा लगोलग उचला तिला. सणासुदीत तणाव नको."

"फिर्याद कोणाची?" मी विचारलं.

"निघालाय तो. पोचंलच आता तुमच्याकडं."

नव्या पोरांना मी नेहमी सांगायचो, खऱ्या खबरीला भोकं असतात. कोणीतरी पळताना दिसलं, पण कोण ते माहीत नाही. आवाज आला, पण कुठून ते कळलं नाही. जी खबर गुन्हा, गुन्हेगार आणि अटक असं सगळं ताट वाढूनच येते, तिला हात लावायच्या आधी ती कोणाच्या चुलीवर शिजली ते बघावं. इथे तर फिर्यादी यायच्या आधी पुढारी आला होता.

दादा आला. पांढरा शुभ्र सदरा, कपाळाला गंध, मागे भावकीतली चार माणसं. फुटलेली प्लेट त्याची, म्हणजे त्याने नेलेली. फिर्याद त्याने अशी दिली: पहाटे अंधारात काच फुटल्याचा आवाज आला. तो एकटाच बॅटरी घेऊन माळावर गेला. तेव्हा त्याची बहीण हातात पहार घेऊन एकटीच खाली येताना त्याला दिसली. माळाच्या फाटकाला कुलूप असतं आणि किल्ली तिच्याकडेच असते.

"तिनं का फोडावी तुमची प्लेट?"

"लई दिसांचा डूख हाय साहेब. मला पोरंबाळं, मला शेतीवाडी, तिला काय बी न्हाई. जळतीया."

सख्ख्या बहिणीबद्दल हे बोलताना त्याचा आवाज जराही हलला नाही. मी फिर्याद त्याने सांगितली तशी लिहून घेतली. मागच्या चौघांतला एक म्हणाला, "मग आता गाडी पाठवताय ना तिला आणायला?"

मी म्हणालो, "फिर्यादीवरून अटक ठरत नाही, तपासावरून ठरते. आणि बाईचा जबाब तिच्या घरी घेतात. तुम्ही जाऊन चहा प्या."

जीपमध्ये बसल्यावर माझा हवालदार हसायला लागला. तो ओतूरकडचा, याच मातीतला माणूस. म्हणाला, "साहेब, ऊस उभा हाय, गेल्या पंधरवड्यात बिबट्यानं वासरू वढून नेलं. आमच्याकडं गडी माणूस अंधाराचा परसाकडं जायचा तर दोघं सोबत घेतो. आन् हे भाऊ-बहीण दोघं बी एकेकटे माळावर? बिबट्याला काय भाऊबीजेचं आवतण व्हतं का?"

मीही हसलो. पण हसण्याने केस उभी राहत नाही आणि पडतही नाही.

माळावर पंचनामा केला. फाटकाचं कुलूप शाबूत होतं. मात्र दादाच्या उसाच्या बाजूने तारेचं कुंपण खाली दाबलेलं होतं. दुसऱ्या ओळीतली एक प्लेट मधोमध घाव बसून फुटली होती. त्या काचेचे तुकडे पडत नाहीत, सगळी काच जाळी पडल्यासारखी तडकते आणि जागीच राहते. बाकीच्या प्लेटांच्या चौकटीवर दसऱ्याचं हळदीकुंकू वाळून बसलेलं होतं. या एकाच प्लेटीची चौकट ओल्या फडक्याने पुसल्यासारखी स्वच्छ होती. पुढ्यातली सुपारीही नव्हती. चौकटीच्या खालच्या खाचेत तांदळाचे काही दाणे अडकले होते, लालसर रंगाचे. सगळं जसं दिसलं तसं लिहिलं, फोटो काढले, दाणे पुडीत बांधून सीलबंद केले. तेव्हा त्यात काय दडलंय ते मला कळलं नव्हतं. पंचनाम्याचा नियमच आहे, कळो न कळो, दिसेल ते लिहायचं.

मग ताईच्या घरी गेलो. महिला शिपाई सोबत होती. ताई ओट्यावर बसून परकराला नेफा घालत होती. आम्हाला बघून उठली, पण घाबरली नाही.

"या साहेब. मला न्यायला आलाय का इचारायला?"

"विचारायला."

"मंग बसा."

पहाटे ती कुठे होती? घरात. साक्षीदार? "एकल्या बाईला कोण साक्षीदार असतंय साहेब? दाराची कडी." प्लेट तिने फोडली का? यावर ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ती माळावरची एकेक प्लेट बसावी म्हणून मी वीज कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात. आन् मीच फोडीन? एक प्लेट मेली की तिच्या वळीतल्या समद्यांचा जोर उतरतोय. बिलं समद्यांची वाढत्यात. माझं बी वाढतंय. येवढं कळतंय मला. ज्यानं फोडली त्याला त्ये कळत न्हाई."

हे वाक्य मी जबाबात शब्दशः घेतलं.

मी विचारलं, "दादाचं आणि तुमचं नेमकं भांडण काय?"

ती उठली आणि मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. भिंतीतून एक जुनी काळी वायर बाहेर लोंबत होती, टोक कापलेलं. ती वायर जिकडून यायची तिकडे तिने बोट दाखवलं. पन्नास पावलांवर दादाचं घर.

"माझ्या घराला मीटर नव्हता साहेब. दादाच्या घरातनं वायर आणली व्हती. आन् त्येचं बटण दादाच्या पडवीत, त्येच्या भिंतीवर. मला इथनं लाइट लावता येत नव्हती, घालवता येत नव्हती. तिकडून लावली तर लागायची. कदी काय बोलणं झालं, वडलांच्या जमिनीचं नाव निघालं, की फट्‌दिशी बटण बंद. मशीनवर गिऱ्हाइकाचा ब्लाऊज अर्धा. मी अंधारात बसायची. येक डाव तापानं फणफणले व्हते, तवा बी बंद केली."

"किती वर्षं चाललं हे?"

"पोरींची लग्नं झाली त्येच्या, नातवंडं झाली. तवर."

महिला शिपाई लिहिता लिहिता थांबली. मी तिला लिही म्हणालो, आणि स्वतः टोपी काढून हातात घेतली. इतकी वर्षं पोलिसात काढली. मारहाणीच्या खुणा कशा बघायच्या ते शिकलो होतो. पण भिंतीवरच्या एका बटणाने माणसाला मारता येतं, आणि अंगावर वळसुद्धा उठत नाही, हे मला तिथे कळलं.

सोलरच्या योजनेत प्रत्येक सभासदाच्या नावावर स्वतंत्र मीटर लागतो. त्यामुळे ताईला मीटर मिळाला. तिच्या नावाचं बिल आलं. ते बिल तिने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेलं मी पाहिलं. रक्कम नावालाच होती, पण वर तिचं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता होता. आयुष्यात पहिल्यांदा सरकारच्या कागदावर ती खोली तिची झाली होती.

दादाच्या पोटात नेमकं तिथेच दुखत होतं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली की गटातून तिला काढायचं. मग तिचा हिस्सा बंद करायचा, मीटरला हरकत घ्यायची आणि पुन्हा जुनी वायर जोडायची नाहीतर खोली खाली करायला लावायची. ताईचं एवढं सगळं पणाला लागलं होतं. पण हे नुसतं समजून भागत नव्हतं. पुरावा हवा होता.

दोन दिवस पुढाऱ्याचे फोन चालू राहिले. शेवटी त्यांनी ठेवणीतलं काढलं. "साहेब, वरपर्यंत ओळख हाय आपली. कुठंतरी लांब टाकतील तुमाला."

निवृत्तीला थोडे महिने राहिलेल्या माणसाला बदलीची भीती घालणं म्हणजे टकल्याला न्हाव्याचा धाक दाखवणं. मी म्हणालो, "जरूर टाका. जाईन तिथेही हाच कायदा असेल." आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी हवालदार केस डायरीसाठी पंचनामा मोठ्याने वाचत होता. "…चौकट पुसलेली, समोर सुपारी नाही, खाचेत लालसर रंगाचे तांदळाचे अखंड दाणे…"

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

त्याने पुन्हा वाचलं. मी खुर्चीत ताठ झालो. आमच्या ठाण्यात गणपती बसतो. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजेचा मान प्रभारी अधिकाऱ्याचा. मी स्वतः दर वर्षी ती करत आलो होतो. देवावर अक्षता टाकायच्या, निर्माल्य आणि सुपारी उचलायची, मूर्ती जागची जरा हलवायची. त्याशिवाय पुजलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही. पुजलेली वस्तू मोडायची असली की आधी तिच्यातला देव काढून घ्यायचा, मग मोडायची.

त्या प्लेटीची कोणीतरी उत्तरपूजा केली होती. पूजा पुसली, सुपारी उचलली, अक्षता टाकल्या आणि मगच घाव घातला.

आता मला सांगा, वैरी असं करतो का? सुडाने पेटलेली बाई दुसऱ्याची वस्तू फोडायला पहाटे जाते आणि आधी कुंकवात तांदूळ भिजवते? दुसऱ्याच्या देवाचं विसर्जन कोणी करत नाही. ते घरातलंच माणूस करतं. ज्याने ती प्लेट आपली मानली, आपल्या हाताने पुजली, त्याच घरातून त्या अक्षता आल्या होत्या.

मी दादाला ठाण्यात बोलावलं. प्लेटीबद्दल एक शब्द विचारला नाही. चहा दिला. उसाला तोड कधी मिळणार विचारलं, नातवंडांची चौकशी केली. चौकशीला बसलेला माणूस सगळे प्रश्न घरून पाठ करून येतो. त्याच्या पाठांतरात नसलेला प्रश्न शोधावा लागतो. कप खाली ठेवताना मी सहज विचारलं, "अक्षता कोणी टाकल्या हो?"

त्याच्या कपाळावरच्या गंधापाशी घाम आला. "कसल्या अक्षता?"

"तुमच्या प्लेटीवरच्या. सुपारी तुम्ही उचललीत की वहिनींनी?"

"तिला यात वढू नका!" तो ओरडला. मी तर नुसतं विचारलं होतं. उत्तर त्याच्याच ओरडण्यात सापडलं.

त्याला बसवून ठेवलं आणि महिला शिपायाला घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पडवीत शेंगा फोडत होती. साधी, देवभोळी बाई. तिच्या डोक्यामागे भिंतीवर विजेचा बोर्ड होता. त्यात एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं, त्याच्यावर नखाएवढा लाल रंग लावलेला. चुकून दुसऱ्या कुणी दाबू नये म्हणून. वायर कापली गेली होती, तरी बटण तिथेच होतं.

मी त्या बटणाकडे बघतोय हे तिने पाहिलं. प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

"मी टाकल्या साहेब," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यास्नी, नका फोडू. पुजलीया मी ती. ते म्हणले, आपलीच हाय, आपण फोडतो, कुणाच्या बापाचं काय जातंय? मंग मी म्हणलं, फोडायचीच तर देव तरी काढून घिऊ द्या. उजाडल्यावर गेलो. मी पुसली, अक्षता टाकल्या, सुपारी घेतली. हितं हाय बघा." तिने देव्हाऱ्यातून सुपारी आणून महिला शिपायाच्या हातावर ठेवली. "ताईंवर आळ घालायचा व्हता हे मला नंतर कळलं. तवापासनं अन्न गोड लागंना."

"हे कोर्टात सांगाल?"

तिने पदर सारखा केला. "नवऱ्यापुढं आजवर बोलले न्हाई. आता बोलते."

ठाण्यात परत आलो आणि सुपारी दादासमोर टेबलावर ठेवली. ती पाहून तो एकदम उसळला. "व्हय, मी फोडली! माझी प्लेट, माझ्या खांद्यावरनं नेलेली! मी फोडीन न्हाईतर जाळीन! यात गुन्हा कुठला?"

"तुमची कुठली? त्या माळावर कोणाचीच वेगळी प्लेट नाही. जी फोडलीत ती सगळ्या वस्तीची. आणि तुमच्याच घरचं बिलही वाढणार आहे."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला खरंच वाटत होतं की नुकसान फक्त आपलं होईल, ते आपण सोसू, आणि बदल्यात बहीण बाहेर जाईल. जमिनीची वाटणी करता करता ज्याची हयात गेली त्याला न वाटलेली वस्तू कशी असते हेच माहीत नव्हतं. मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "बिल तिच्या नावानं आलं साहेब. आज लाइट बिल, उद्या सातबारा मागंल."

"मागेल. हक्काचं आहे ते तिच्या," मी म्हणालो. तपास अधिकाऱ्याने असं बोलायचं नसतं. मी बोललो आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

गटाची अध्यक्ष म्हणून ताईने दादाविरुद्ध फिर्याद दिली. बातमी वस्तीत पोचली. देवळाच्या मंडपात बैठक बसली, बंदोबस्त म्हणून मीही गेलो. माणसं तावातावाने बोलत होती. कशावरून? आमचे युनिट घटले, आमची बिलं वाढली! एका सरळ बाईवर खोटा आळ आला, तिला बेड्या घालायची तयारी झाली होती, त्यावर कोणी बोलेना. वस्ती बिलासाठी पेटली होती. मला याची चीड आली, अजूनही येते.

पुढारी मध्यस्थीला हजर होतेच. आता त्यांचा सूर मऊ होता. "झालं गेलं गंगेला मिळालं. नवी प्लेट दादा आणून दील. ताई, तू केस मागं घे. भाऊबीज चार दिवसावर आली. भावाला ओवाळायचं का कोर्टात उभा करायचा?"

सगळ्या माना ताईकडे वळल्या. ती बायांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती. पुढे आली.

"ओवाळीन की. दरसाल ओवाळते. पर आवंदा ओवाळणी मी मागणार. त्येच्या पडवीत भिंतीवर लाल रंगाचं बटण हाय. त्ये काढून मला दे म्हणावं. लुगडं नको, पैसा नको. त्ये बटण दे. आन् केस? केस मी न्हाई मागं घेणार. ओवाळणी येगळी, केस येगळी."

पुढारी म्हणाले, "आगं, येवढं ताणू नगं. भाऊ हाय तुझा."

"भाऊ व्हता तवाच अंधारात बसवलं ना? परका आसता तर मी आदीच ठाण्यात गेले असते."

 तेवढ्यात पुढारी माझ्याकडे वळले, "साहेब, तुमी तरी समजवा."

मी उठलो. म्हणालो, "ताईंनी केस मागे घेतली तरी माझी राहतेच. खोटी माहिती देऊन निरपराध बाईला अडकवायला पोलिसांचा वापर केला, त्याची तक्रार मी स्वतः कोर्टात पाठवली आहे. ती तक्रार भाऊबीजेला मिटत नाही आणि पाडव्यालाही नाही." पुढाऱ्यांनी टोपी झटकली आणि गाडीत बसून निघून गेले. माझी बदली काही झाली नाही. धमकी देणारे बहुतेक वेळा पुढच्या लग्नाच्या आमंत्रणात गुंतलेले असतात.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक तर हे की, फुटलेल्या वस्तूपेक्षा कोणाच्या हातातून काय निसटलं ते आधी बघावं. दादाच्या हातातून एक बटण निसटलं होतं, बाकी सगळं त्याच्याकडे शाबूत होतं, तरी त्याला ते सोसलं नाही. दुसरं म्हणजे, सोलरच्या योजनेबद्दल लोक मला विचारतात, बिलात किती वाचतं हो? मी सांगतो, वाचतं, चांगलं वाचतं. पण त्या वस्तीत एका बाईचं जे वाचलं ते कुठल्याही बिलावर छापून येत नाही. आणि तिसरं, बायांना गप्प बसायची सवय असते असं आपण म्हणतो. सवय नसते. त्यांना ऐकणारं कोणी मिळालेलं नसतं. वहिनीने साक्ष फिरवली नाही, एवढं मी इथे अभिमानाने नोंदवतो.

निवृत्तीनंतर मी एकदा त्या रस्त्याने चाललो होतो. गाडी आपोआप वस्तीकडे वळली. भर दुपार, उन्हाने डोळे दिपत होते. ताई चिंचेखाली बसून काजं करत होती. आणि आत, रिकाम्या खोलीत, बल्ब लख्ख जळत होता.

मी चेष्टा केली, "काय हो अध्यक्षबाई, वस्तीला सांगत फिरता, लाइट घालवा, युनिट वाचवा. आणि तुमच्याकडे भर उन्हात दिवाळी?"

ती उठली, मला आत घेऊन गेली. दाराशेजारी, हाताला सहज येईल असं, भिंतीवर ते बटण बसवलेलं होतं. वरचा नखाएवढा लाल रंग तसाच.

"भाऊबीजेला दादा आला न्हाई. वहिनी आल्या. पदराखाली झाकून आणलं व्हतं. सोता पेचकस घिऊन काढलं म्हणल्या." तिने त्या बटणावर बोट ठेवलं, बंद केलं, पुन्हा लावलं. "समद्या घरात बचत करते साहेब. फॅन लावत न्हाई, मशीन बी दिवसाचीच चालवते. पर हा येक बलप मी माझ्या मनाला यील तवा लावते. बटण माझंय."